लेकरात गुण आहे पण फी झेपत नाही: खासगी शाळेच्या टॅलेंट स्कॉलरशिपचा अर्ज कसा भरायचा

सोयाबीन बाजारात गेलं, दिवाळी झाली की आपल्याकडं लातूर म्हणा नांदेड म्हणा संभाजीनगर म्हणा, चौकाचौकात फ्लेक्स चढतात, 'भव्य टॅलेंट सर्च, १०० टक्क्यांपर्यंत स्कॉलरशिप', आणि शेजारी मागच्या वर्षीच्या लेकरांचे पासपोर्ट फोटो. मग पालकांचे फोन सुरू होतात, सर आमची पोरगी लई छान गाते, तिचं कुठं काही होईल का. होतं. खरंच होतं, पण फ्लेक्सवर लिहिलंय तसं नाही होत, आणि ज्यांचं होतं त्यांची फाईल सगळ्यात जाड असते असंही नाही. फोनवर दरवर्षी तुकड्यातुकड्यात सांगत बसण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून टाकतोय. मी शिकवतो चित्रकला, त्यामुळं चित्राचं जरा जास्त येईल, सांभाळून घ्या.

पैसे नेमके कशाचे सुटतात ते आधी बघा

खासगी शाळेत फी कमी होण्याचे मोटामोटी तीन रस्ते असतात आणि आपण तिन्हीला स्कॉलरशिपच म्हणतो, घोळ तिथूनच सुरू होतो. पहिला रस्ता मार्कांचा, शाळेची स्वतःची लेखी परीक्षा असते आणि नंबराप्रमाणं सवलत. दुसरा गुणाचा, म्हणजे खेळ, गाणं, वाजवणं, चित्र, नाटक, बुद्धिबळ असलं काही, त्याला ट्रायल किंवा ऑडिशन असते. तिसरा घरच्या परिस्थितीचा, तिथं लेकराला प्रवेश आधी मिळतो आणि नंतर उत्पन्न बघून किती माफ करायचं ते ठरतं. मोठ्या नावाच्या निवासी शाळांमध्ये दुसरा आणि तिसरा रस्ता बऱ्याचदा एकत्र चालतो. डेहराडूनचं डून स्कूल घ्या नाहीतर मुळशीजवळचं महिंद्रा युडब्ल्यूसी, जिथं दहावीनंतर दोन वर्षांचा आयबीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बोर्डाचा, कोर्स असतो, फीचा आकडा बघूनच माणूस फॉर्म मिटवून ठेवतो, पण गरजेप्रमाणं मदत करायची पद्धत या शाळांत आहे. त्यामुळं आकडा बघून घाबरायचं नाही, 'आमच्या उत्पन्नाला किती भरावं लागेल' हे थेट विचारायचं.

लेकरू पहिलीत जायचं असेल तर टॅलेंटचा विषय सोडा, आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांचा, ऑनलाईन फॉर्म भरा. आणि एक माहिती असू द्या, आठवीपर्यंतच्या प्रवेशाला डोनेशन घेणं किंवा लेकराची न् आईबापाची मुलाखत घेऊन गाळणी लावणं हे शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १३ मध्ये बंद केलेलं आहे. शाळा म्हणतात की आमची परीक्षा प्रवेशाची नाही, सवलतीची आहे. ठीक आहे, मग तसं लेखी लिहून द्या म्हणावं.

आता हिशेब, कारण हा हिशेब न करता लोक पेढे वाटतात. समजा एका निवासी शाळेचा वर्षाचा खर्च १,४०,००० आहे. त्यातली ट्यूशन फी ६०,०००, हॉस्टेल आणि मेस ६०,०००, ड्रेस, पुस्तकं, ॲक्टिव्हिटी, लाँड्री मिळून २०,०००. फ्लेक्सवर ५० टक्के स्कॉलरशिप. पन्नास टक्के कशाचे? फक्त ट्यूशन फीचे. म्हणजे सुटले ३०,००० आणि भरायचे राहिले १,१०,०००. पन्नास टक्के म्हणता म्हणता एकूण खर्चात जेमतेम एकवीस टक्के कमी झाले. शिवाय शनिवार-रविवारचं जाणं-येणं, सुट्ट्यांचं भाडं, खेळाचं लेकरू असेल तर बूट आणि खुराक. म्हणून शाळेला विचारायचा पहिला प्रश्न 'किती टक्के मिळणार' हा नाहीच, 'सगळं धरून वर्षाला आमच्या खिशातून किती जाणार' हा आहे, आणि उत्तर तोंडी नको, फी स्ट्रक्चरच्या कागदावर पेनानं लिहून घ्या.

अर्ज करायच्या आधी हातातलं काय सुटतंय ते तपासा

हे कोणी सांगत नाही. तुमचं लेकरू झेडपीच्या किंवा अनुदानित शाळेत आठवीला असेल आणि एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेतून त्याची निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पण ती शिष्यवृत्ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळेतल्या लेकरांसाठीच आहे. विनाअनुदानित खासगी शाळेत नाव टाकलं की गेली. चार वर्षांचे ४८,००० होतात, तेवढे टॅलेंटच्या सवलतीतून मनातल्या मनात वजा करा आणि मग बघा सौदा परवडतोय का.

पाचवीत असेल तर नवोदयचा, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेचा, फॉर्म भरल्याशिवाय खासगीच्या मागं लागूच नका. जिल्ह्यात एक नवोदय असतं, सहावीला परीक्षेतून प्रवेश, राहणं खाणं शिकणं फुकट, कमीत कमी ७५ टक्के जागा ग्रामीण लेकरांना. पेपर दोन तासांचा, ८० प्रश्न, १०० मार्क, त्यातले निम्मे प्रश्न बुद्धिमत्तेचे. आयुष्यात एकदाच बसता येतं, त्यामुळं 'पुढच्या वर्षी बघू' हा प्रकार तिथं नाही. खेळाडू लेकराला सरकारी क्रीडा प्रबोधिनीचा रस्ता पण आहे, त्याची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करायची. हे सगळं बघून झालं आणि तरी खासगी शाळाच पाहिजे, कारण तिथं खरंच चांगला कोच आहे किंवा गाण्याला पूर्णवेळ शिक्षक आहे, तर पुढं वाचा.

शाळा कशी निवडायची

गुणाची स्कॉलरशिप देणारी शाळा काही उपकार करत नसते, तिला तुमच्या लेकराकडून काहीतरी पाहिजे असतं. शाळेची खो-खोची टीम उभी करायची असते, गॅदरिंगला तबलजी पाहिजे असतो, आंतरशालेय स्पर्धेत नाव पाहिजे असतं. यात वाईट काही नाही, पण त्यामुळंच शाळेला नेमकी कशाची भूक आहे हे शोधणं म्हणजे अर्धं काम. फोन करून विचारा: या गुणाची ट्रायल तुमच्याकडं कोण घेतं? तो शिक्षक पूर्णवेळ आहे का आठवड्यातून एकदा येतो? मागच्या वर्षी या प्रकारात किती लेकरांना दिली? सवलत एका वर्षाची का शाळा संपेपर्यंत? ज्या ऑफिसात या चार प्रश्नांना नीट उत्तर मिळत नाही आणि नुस्तं 'तुम्ही या तर खरं, कॅम्पस बघा' चालू असतं, तिथं ती स्कॉलरशिप बहुतेक फ्लेक्सवरच आहे.

जमलं तर एखाद्या साध्या दिवशी दुपारी न सांगता जा. ग्राउंडवर लेकरं दिसतात का, हार्मोनियमवर धूळ आहे का, चित्रकलेच्या वर्गातल्या भिंतीवर लेकरांची चित्रं आहेत का प्रिंट केलेले पोस्टर, एवढ्यावर लई काही कळतं. तिथं शिकणाऱ्या एखाद्या खेळाडू पोराला गेटबाहेर गाठून विचारा की प्रॅक्टिस रोज होते का परीक्षा जवळ आली की बंद. लातूर पॅटर्नच्या, म्हणजे सगळा जोर मार्कांवर असलेल्या, वातावरणात वाढलेल्या शाळा नववी लागली की ग्राउंडला कुलूप लावतात, आणि मग ज्या खेळावर सवलत मिळाली तो खेळच राहत नाही.

वेळापत्रक

सीबीएसईच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, स्टेट बोर्डाच्या जूनमध्ये. सवलतीचे फॉर्म साधारण दिवाळीनंतर निघतात आणि ट्रायल डिसेंबर ते फेब्रुवारीत. म्हणजे तयारी गणपतीच्या आसपास सुरू झाली पाहिजे, फॉर्म निघाल्यावर नाही.

बीड, धाराशिव, जालन्याकडच्या ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी हे जास्तच महत्त्वाचं आहे. दसरा-दिवाळीला कोयता निघाला की आईबाप फडावर, ते मार्च-एप्रिललाच येणार, आणि नेमकं त्याच काळात फॉर्म, ओटीपी, मुलाखत सगळं. म्हणून जायच्या आधी तीन कामं उरकायची. उत्पन्नाचा दाखला काढून ठेवायचा. फॉर्मवर जो मोबाईल नंबर टाकायचा तो गावात मागं राहणाऱ्या माणसाचा टाकायचा, आजोबा, चुलता, नाहीतर विश्वासातले गुरुजी, कारण वडिलांच्या फोनवर फडात रेंज नसते आणि ओटीपी दहा मिनिटांत मरतो. आणि शाळेला आधीच कळवायचं की पालक कामावर बाहेरगावी आहेत, मुलाखत व्हिडिओ कॉलवर घ्या. बहुतेक शाळा घेतात, आधी सांगितलं तर. ऐनवेळी सांगितलं की 'पालक गैरहजर' असा शेरा पडतो.

कागद

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. तलाठ्याचा अहवाल, रेशन कार्ड, आधार, सातबारा-आठ अ, स्वयंघोषणापत्र घेऊन महा-ई-सेवा केंद्रात किंवा आपले सरकार पोर्टलवरून अर्ज करायचा. दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, आणि हीच गोष्ट लोकांना नडते. फॉर्म भरला जानेवारीत, प्रवेश एप्रिलमध्ये, मधी दाखला संपला आणि शाळा नवा मागते. दोन वेळा काढावा लागणार हे गृहीतच धरा.

बाकी जन्माचा दाखला, बोनाफाईड, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपत्रकं, लागत असेल तर जातीचा दाखला, लेकराच्या नावाचं बँक खातं. यात सगळ्यात जास्त अडकतं ते नावात. जन्मदाखल्यावर 'ज्ञानेश्वरी', आधारवर 'ज्ञानेश्वरि', शाळेच्या रजिस्टरला आईचं नाव वेगळंच, वडिलांचं 'सोपान' एकीकडं आणि 'सोपानराव' दुसरीकडं. ऑनलाईन फॉर्म असलं काही ऐकून घेत नाही. आधार दुरुस्तीला वेळ लागतो म्हणून हे काम पहिल्यांदा करा. जन्मतारखेतला फरक तर खेळाडू लेकराला फारच महागात पडतो, १४ वर्षांखालच्या गटात खेळलेलं लेकरू दुसऱ्या कागदावर पंधराचं निघालं की प्रमाणपत्रावरचा सगळा विश्वासच उडतो.

जिल्ह्याच्या नावाची काळजी करू नका. जुन्या दाखल्यावर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद असणारच. बाहेरच्या राज्यातल्या शाळांच्या फॉर्ममध्ये कधीकधी जुनीच नावं दिसतात, जे दिसतंय ते निवडा आणि पत्त्यात नवं नाव लिहा.

ओरिजनल कागद कोणाकडंही ठेवायला देऊ नका. दाखवा, परत घ्या. आणि कोणी 'माझी ओळख आहे, स्कॉलरशिप बसवून देतो, थोडं बघावं लागेल' म्हणालं की चहा पाजून वाटेला लावा. अर्जाची फी असू शकते, पण ती शाळेच्या खात्यावर जाते आणि तिची पावती मिळते.

गुण दाखवायचा कसा

इथं जरा थांबतो कारण खरा निकाल इथं लागतो. आपल्याकडं समज असा की प्रमाणपत्रं जितकी जास्त तितकं बरं. मग पालक प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये चाळीस सर्टिफिकेटं घालून आणतात, त्यात गणेश मंडळाचं, वाढदिवसाच्या निबंधस्पर्धेचं, ऑनलाईन क्विझचं, सगळं. बघणारा माणूस पहिली पाच उलटतो आणि फाईल मिटतो. पाचच ठेवा, पण वरून खाली वजनाप्रमाणं.

चित्रकला: एलिमेंटरी-इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांची ग्रेड असेल तर ती लावा, पण तेवढ्यावर कोणी स्कॉलरशिप देत नाही, ते चित्रं बघायला मागतात. दहा-बारा चित्रं पुरेत. त्यातली निम्मी तरी समोर बघून काढलेली पाहिजेत. मला विचाराल तर हीच एक गोष्ट सगळ्यात कमी पोर्टफोलिओत सापडते. सगळ्यांकडं तोच सूर्यास्त, तीच झोपडी, तोच मोबाईलवर बघून काढलेला शिवाजी महाराजांचा चेहरा. हात चांगला असतो पण डोळा दिसत नाही. त्यापेक्षा लेकराला गोठ्यात बसवा, रवंथ करणारी म्हैस काढू द्या, ती हलते, चित्र बिघडतं, परत काढतंय, ती बिघडलेली तीन आणि जमलेलं एक अशी चारही लावा. एसटी स्टँडवर बोचक्याला टेकून झोपलेला माणूस, आजीचे भाकरी थापतानाचे हात, पैठणच्या घाटावरच्या पायऱ्या. पेन्सिलीचं काम असलं तरी चालतं. एक कच्ची वही पण द्या, जिच्यात खाडाखोड आहे. बघणारा त्या वहीतच जास्त वेळ रमतो.

फोटो काढून पाठवायचे असतील तर दुपारच्या उन्हात नाही आणि ट्यूबलाईटखाली तर नाहीच. सकाळी नऊच्या सुमाराला अंगणात सावलीत चित्र भिंतीला सपाट टेकवा, फोन चित्राच्या बरोबर मधोमध समोर धरा, फ्लॅश बंद, कडा तिरप्या येऊ देऊ नका. फिल्टर लावू नका. स्कॅनर ॲप पेन्सिलीच्या हलक्या छटा खाऊन टाकतंय, त्यामुळं साधा कॅमेराच बरा. फाईलला नाव द्या, 'म्हैस, पेन्सिल, ऑगस्ट', नाहीतर आयएमजी अमुक-तमुक अशा बारा फाईली गेल्या की त्यांना कोणती कोणाची तेच कळत नाही.

गाणं-वाजवणं: गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिल्या असतील, प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, तर लिहा. नसतील तरी बिघडत नाही, आपल्याकडं भजनी मंडळात, कीर्तनाच्या पखवाजावर तयार झालेली लेकरं परीक्षा दिलेल्यांना मागं टाकतात, फक्त ती आपला प्रवास कागदावर मांडत नाहीत. ऑडिशनला एकमेकांपेक्षा वेगळ्या अशा दोन गोष्टी तयार ठेवा. गाणाऱ्यानं भूप किंवा यमनमधला एक छोटा ख्याल चार तानांसकट आणि दुसरा एखादा अभंग किंवा भारूड. नाथांच्या भारुडाला जो अभिनय लागतो तो आपल्या लेकरांना उपजत येतो, ते लपवू नका. तबल्यावर तीनतालातला एक कायदा, त्याचे पलटे, तिहाई, आणि नंतर एखाद्या गाण्याला साथ. तीन-चार मिनिटांत दोन्ही बसलं पाहिजे. परीक्षक मधेच थांबवून 'हा ठेका दुगुणीत लाव' किंवा 'मी वाजवतो ते परत वाजव' म्हणतात, त्याची सवय घरी करा, कारण पाठ करून गेलेलं लेकरू तिथं गडबडतंय आणि कानावर शिकलेलं सुटतंय.

व्हिडिओ मागितला तर एका दमात काढलेला द्या, जोड-तोड नको, मागं रिव्हर्ब नको. मंदिराच्या सभामंडपात आवाज घुमतो म्हणून छान वाटतो पण रेकॉर्डिंगमध्ये सगळा चिखल होतो. घरात ज्या खोलीत गोधड्यांची चळत असते ती खोली सगळ्यात चांगली, घुमारा राहत नाही. कूलर बंद, पंखा बंद, पत्र्यावर पाऊस असेल तर दुसऱ्या दिवशी. फोन आडवा, हात आणि चेहरा दोन्ही दिसले पाहिजेत. सुरुवातीला लेकरानं नाव, गाव, इयत्ता आणि काय सादर करतोय एवढंच सांगायचं. आणि शेवटच्या तारखेला अपलोड करायला बसू नका, नेमकी त्याच दिवशी लाईट जाते.

खेळ: इथं प्रमाणपत्राची पातळी मोजतात, संख्या नाही. शालेय क्रीडा स्पर्धांची तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी उतरंड असते, त्यातली सर्वात वरची पातळी पहिल्या पानावर. कुठल्यातरी हॉटेलच्या हॉलमध्ये झालेल्या 'इंटरनॅशनल' स्पर्धेचं मेडल राज्य पातळीच्या सहभागापेक्षा कमी वजनाचं असतं, कोच लोक ते दोन मिनिटांत ओळखतात. पळणाऱ्या लेकराची वेळ लिहा, कोणत्या तारखेला, कोणत्या मैदानावर, मातीवर का सिंथेटिकवर. 'चांगला पळतो' याला अर्थ नाही. टीमच्या खेळात व्हिडिओ द्या पण फक्त गडी बाद केलेले तुकडे नकोत. खो-खोचा असेल तर एक पूर्ण डाव द्या, ज्यात लेकरू पळतंय पण आणि बसून खो घेतंय पण. बसलेलं लेकरू किती चपळ उठतं ते कोचला बघायचं असतं.

गावाकडची लेकरं मैदानात कमी पडत नाहीत हे काही मी सांगायला नको. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये आशियाई सुवर्णपर्यंत गेला, धाराशिवच्या सारिका काळेला खो-खोसाठी २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. पण एक व्यवहाराची गोष्ट, ट्रायलच्या आदल्या रात्री एसटीनं उभ्यानं प्रवास करून सकाळी सहाला ग्राउंडवर उतरलेलं लेकरू आपली खरी वेळ देऊच शकत नाही. एक दिवस आधी जा, पाहुण्यांकडं टाका मुक्काम. बूट नवे घालू नका, वापरातलेच.

लेकरानं लिहायचे दीडशे शब्द

जवळपास प्रत्येक फॉर्ममध्ये 'तुम्हाला ही स्कॉलरशिप का मिळावी' असा रकाना असतो. बहुतेक जण हे नेटकॅफेवाल्याकडून लिहून घेतात नाहीतर एआयकडून, आणि मग सगळ्यांचं एकच येतं: 'मला लहानपणापासून संगीताची अत्यंत आवड असून माझे स्वप्न आहे की मी देशाचे नाव उज्ज्वल करावे.' वाचणाऱ्यानं हे वाक्य सकाळपासून वाचलेलंच असतं.

लेकराला समोर बसवा आणि विचारा, तू शेवटचं कधी वैतागला होतास वाजवताना? काय जमत नव्हतं? मग काय केलंस? जे बोलेल ते तसंच लिहा. असं काहीतरी येईल: 'आमच्या गावात एकादशीला भजन असतं. पखवाज वाजवणारे काका पुण्याला कामाला गेले, तेव्हापासून मी वाजवतो. धुमाळी जमते पण लय वाढली की डावा हात मागं राहतो. यूट्यूब बघून हळू सराव करतो पण चूक कुठं होते ते सांगणारं कोणी नाही. तुमच्या शाळेत तालवाद्याचे सर आहेत म्हणून मला यायचंय.' बघा, यात स्वप्न नाही, देश नाही, पण लेकरू दिसलं, काय येतं काय येत नाही ते कळलं, आणि याच शाळेत का तेही आलं. फॉर्म इंग्रजीत असेल तर आधी मराठीत असं लिहून मग सोप्या इंग्रजीत करा, मोठे शब्द घालू नका, कारण मुलाखतीत त्याच वाक्यावर प्रश्न येतो आणि लेकराला आपल्याच फॉर्मचा अर्थ लागत नाही.

गरिबी लिहायची का? लिहायची, पण आकड्यात आणि पालकांच्या पत्रात. दोन एकर कोरडवाहू, इतकं उत्पन्न, इतकं कर्ज, घरात शिकणारी तीन लेकरं, आम्ही वर्षाला एवढे भरू शकतो. शेवटचं वाक्य आवर्जून लिहा. काहीतरी भरायची तयारी दाखवणाऱ्या घराचा अर्ज समितीला जास्त खरा वाटतो. लेकराच्या रकान्यात मात्र दुःख नको, तिथं गुणच बोलू द्या.

शिफारसपत्र सरपंचाचं आमदाराचं नको. ज्यानं रोज शिकवलंय त्याचं पाहिजे, वस्ताद, गुरुजी, कोच. आणि त्यात 'हुशार, आज्ञाधारक, होतकरू' या तीन शब्दांच्या ऐवजी एखादा प्रसंग लिहायला सांगा. गुरुजींना लिहायला वेळ नसेल तर मुद्दे लिहून न्या, पण पत्र त्यांच्याच भाषेत येऊ द्या.

मुलाखत आणि ट्रायलचा दिवस

लेकराला इंग्रजी येत नाही ही भीती प्रत्येक घरात. आधी फोन करून विचारा मराठीत बोललं तर चालेल का, गुणाच्या स्कॉलरशिपला बऱ्याच ठिकाणी चालतं. लेकरानं पाठ केलेलं इंग्रजी बोलून तिसऱ्या वाक्याला अडकण्यापेक्षा नीट मराठीत सांगावं. प्रश्न साधे असतात: आणलेल्या चित्रांतलं कोणतं आवडतं, कोणतं नाही आणि का, हरल्यावर काय केलं, आईबाप सोडून राहशील का. हा शेवटचा प्रश्न घरी खरंच विचारा, कारण उत्तर 'नाही' असेल तर हे सगळं कशाला करायचं.

पालकांना वेगळं बसवतात. आणि सोबत बसवलंच तर लेकराच्या वतीनं बोलू नका. 'अगं सांग की, तू ते मेडल आणलं होतं ना' हे सुरू झालं की समोरचे लोक लेकराकडं बघायचं सोडून तुमच्याकडं बघायला लागतात. तुमच्याकडून त्यांना दोनच गोष्टी कळून घ्यायच्या असतात, पैशाचं खरं चित्र आणि सुट्टीत सराव कसा करून घेणार.

पत्र आलं, आता सावकाश वाचा

टक्केवारीच्या खालचा भाग वाचा. सवलत दरवर्षी नव्यानं मिळते का, त्याला मार्कांची अट आहे का, असेल तर किती. लेकरू राज्य पातळीला खेळायला गेलं आणि युनिट टेस्ट बुडाली तर काय धरणार. दुखापत झाली, खेळता येईना, तर सवलत राहते का जाते. मधेच शाळा सोडली तर मिळालेली सवलत परत भरा असं कलम आहे का, हे असलं कलम असेल तर सही करायच्या आधी दहा वेळा विचार करा. फी दरवर्षी वाढते पण सवलत रकमेत ठरलेली असेल, तर दरवर्षी ती कमी कमी कामाची राहते, म्हणून ती टक्क्यात मागा.

कमी पडत असेल तर लाजू नका, आठ दिवसांच्या आत साधं पत्र द्या: 'आपण दिलेल्या सवलतीबद्दल आभार. ती धरून आम्हाला वर्षाला एवढे भरावे लागतात. आमची क्षमता एवढी आहे. सोबत उत्पन्नाचा दाखला जोडला आहे. हॉस्टेल फीमध्ये काही सवलत किंवा चार हप्ते मिळाल्यास प्रवेश निश्चित करू.' हप्ते तर बहुतेक शाळा देतात, विचारलं तरच देतात. वेटिंगवर नाव असेल तर महिन्याभरानं एखादी नवी गोष्ट कळवा, नवी वेळ, नवं चित्र, नवीन निकाल, नुस्तं 'आमचं काय झालं' असे फोन लावू नका. आणि नाही मिळालं तर ट्रायल घेणाऱ्या शिक्षकाला, ऑफिसला नाही, विचारा की काय कमी होतं. ते सांगतात, आणि ते वर्षभराच्या सरावाला पुरतं.

जुन्या शाळेतून टीसी काढायची घाई करू नका. नव्या शाळेचं सवलतीच्या रकमेसकट सही-शिक्क्याचं पत्र हातात, पहिला हप्ता भरल्याची पावती हातात, मगच टीसी. टीसी काढताना लेकराचा पेन (PEN) नंबर, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक, आणि राज्याच्या सरल पोर्टलचा आयडी वहीत उतरवून घ्या, कारण यूडायस या केंद्राच्या शाळा-नोंदीच्या पोर्टलवर जुन्या शाळेनं लेकरू ड्रॉप बॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, टाकल्याशिवाय नव्या शाळेला ते ओढून घेता येत नाही, आणि जूनमध्ये जुन्या शाळेचे क्लार्क शोधायला परत गावाकडं हेलपाटा पडतो.